क्लाउड अ‍ॅटलस: ती धूमकेतूची खूण जरा बाजूला ठेवून वाचा

डेव्हिड मिचेलची ही कादंबरी २००४ साली आली, त्या वर्षी बुकरच्या शॉर्टलिस्टमध्ये होती, बक्षीस काही मिळालं नाही, पण पुनर्जन्मावरचं एखादं पुस्तक सांग असं कुणी विचारलं की हिचं नाव हमखास निघतं. आणि नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलंच असतं, की सहा गोष्टी, सहा काळ, आणि प्रत्येकात कुणाच्या तरी अंगावर धूमकेतूच्या आकाराची तीच जन्मखूण, म्हणजे एकच आत्मा फिरून फिरून जन्माला येतोय. हे ऐकून पुस्तक हातात घेतलं तर थोडी फसगत होते असं माझं मत आहे. पुस्तक वाईट आहे म्हणून नाही, पुस्तक जबरदस्त आहे, पण ती खूण हा त्यातला सगळ्यात कच्चा धागा आहे आणि लेखकानेच तो कच्चा ठेवलाय. खरी जोडणी दुसरीकडेच आहे, त्याबद्दलच लिहायचंय. पुढे बरंच काही उघड होणार आहे, ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथेच थांबा, नंतर या.

आधी रचना सांगते कारण तिच्याशिवाय काही कळणार नाही. पहिल्या पाच गोष्टी अर्ध्यावर तुटतात, सहावी मध्यभागी सलग पूर्ण होते, आणि मग उलट्या क्रमाने पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली अशा एकेक पूर्ण होत जातात. पहिली गोष्ट तर चक्क वाक्याच्या मध्येच तुटते. ही छपाईची चूक नाही हो, पान गहाळ झालेलं नाही, पुस्तक बदलून मागायला जाऊ नका. इटालो कॅल्व्हिनोच्या एका कादंबरीत अशाच गोष्टी सुरू होऊन तुटत जातात आणि पुढे पूर्ण होतच नाहीत, ती वाचून मिचेलला वाटलं की मध्ये आरसा ठेवला तर? त्यातून हे निघालं.

गोष्टी पटापट सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अ‍ॅडम युइंग नावाचा अमेरिकन नोटरी पॅसिफिकमधून जहाजाने घरी निघालाय आणि रोजनिशी लिहितोय. १९३१ मध्ये रॉबर्ट फ्रॉबिशर हा तरुण, कर्जबाजारी, महा-आगाऊ संगीतकार बेल्जियममध्ये एका आजारी म्हाताऱ्या संगीतकाराकडे, व्हिव्हियन एअर्सकडे, मदतनीस म्हणून राहतोय आणि सिक्सस्मिथ नावाच्या प्रियकराला पत्रं लिहितोय. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात लुईसा रे ही पत्रकार अणुभट्टीतला घोटाळा खणून काढतेय, थ्रिलर स्टाइलमध्ये. मग आपल्या आसपासच्या काळात टिमथी कॅव्हेंडिश, साठी ओलांडलेला किरकिरा प्रकाशक, भावाच्या कृपेने वृद्धाश्रमात अडकतो आणि तिथून पळायचा बेत आखतो, हा भाग वाचताना मोठ्याने हसायला येतं. पुढे भविष्यातल्या कोरियात सोनमी-४५१ ही क्लोन वेट्रेस, जी माणसासारखा विचार करू लागते आणि त्याची शिक्षा म्हणून मरण्याआधी मुलाखत देते. आणि सगळ्यात शेवटी, सगळी संस्कृती कोसळल्यानंतरच्या हवाईमध्ये झॅक्री नावाचा शेळ्या राखणारा म्हातारपणी शेकोटीपाशी आपल्या तरुणपणाची गोष्ट सांगतोय. सहा गोष्टी सहा वेगवेगळ्या प्रकारांत आणि सहा वेगवेगळ्या भाषांत लिहिल्यात, म्हणजे इंग्रजीच, पण दर वेळी वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखी.

आता ती खूण. कादंबरीत ती फ्रॉबिशरला आहे, लुईसाला आहे, कॅव्हेंडिशला आहे, सोनमीला आहे आणि झॅक्रीच्या गोष्टीत ती झॅक्रीला नाही तर त्याच्याकडे राहायला आलेल्या मेरोनिम नावाच्या बाईला आहे. पहिल्या गोष्टीत युइंगच्या अंगावर अशी काही खूण असल्याचं कुठेच येत नाही. लेखकाने स्वतः नंतर एका मुलाखतीत सांगितलंय की एक सोडून सगळी मुख्य पात्रं एकाच आत्म्याचे जन्म आहेत आणि ही खूण ही त्याची ओळख. झालं, लेखकानेच सांगितलं म्हटल्यावर विषय संपला असं लोकांना वाटतं. पण लेखक मुलाखतीत काय म्हणतो आणि पुस्तक स्वतः काय म्हणतं यात माझ्या मते नेहमी पुस्तकाचं ऐकावं.

पुस्तकाचं ऐकायचं तर आधी साधा हिशोब करा. कॅव्हेंडिश साठीच्या पुढे आहे आणि त्याची गोष्ट साधारण आपल्या काळातली, म्हणजे १९७५ मध्ये जेव्हा लुईसा गुंडांपासून जीव वाचवत पळत होती तेव्हा हे महाशय चांगले तिशी-पस्तिशीचे बाप्ये झालेले होते. मग एकच आत्मा एकाच वेळी दोन शरीरांत कसा? आपल्याला तर लहानपणापासून माहितीये ना, जुनं वस्त्र टाकायचं मग नवं घालायचं, दोन्ही एकदम अंगावर चढवायची सोय गीतेत तरी नाही. यावर हुशार वाचक म्हणतात की लुईसा खरी नाहीच, ती कॅव्हेंडिशकडे छापायला आलेल्या रहस्यकथेच्या हस्तलिखितातलं पात्र आहे. बरं, मान्य. पण लुईसा काल्पनिक तर तिला भेटलेला म्हातारा सिक्सस्मिथ पण काल्पनिक, मग त्याला पत्रं लिहिणारा फ्रॉबिशर पण काल्पनिक, आणि फ्रॉबिशरला सापडलेली युइंगची रोजनिशी पण गेली. एक धागा ओढला की अर्धं पुस्तक उसवतं. वरून कॅव्हेंडिशची गोष्ट सोनमी सिनेमा म्हणून बघते, म्हणजे तोही खरा होता की कुणी रंगवलेला नट, कुणास ठाऊक. कधी जन्मलाच नाही अशा माणसाचा पुनर्जन्म कसा व्हायचा याचं उत्तर कुठल्याच शास्त्रात नसावं.

आणि ही लेखकाची गफलत आहे असं मला अजिबात वाटत नाही, कारण पुस्तकात जिथे जिथे ही खूण येते तिथे तिथे कुणीतरी तिच्यावर शंका घेणारं बसवलेलंच आहे. लुईसा फ्रॉबिशरच्या पत्रात तिचा उल्लेख वाचते, स्वतःच्या खांद्याशी तशीच खूण आहे हे तिला माहितीये, आणि तरी योगायोग म्हणून झटकून टाकते. कॅव्हेंडिश तर कहर आहे, तो संपादकाच्या नजरेने म्हणतो की लुईसा म्हणजे त्या फ्रॉबिशरचा पुनर्जन्म वगैरे सूचना आहेत त्या कापायला हव्यात, फारच हिप्पी छाप आहे हे सगळं. मग कंसात सांगतो की तशी माझ्याही काखेखाली खूण आहे पण कुठल्याही प्रेयसीने तिला धूमकेतू म्हटलेलं नाही, आणि एकीने तिला जे नाव दिलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही, विष्ठेशी संबंधित आहे एवढंच सांगते. आख्ख्या कादंबरीचा सगळ्यात गूढ धागा लेखकाने असा एका कंसात लोळवलाय! ते वाचताना मी अक्षरशः पुस्तक मिटून हसत बसले. आणि शेवटी झॅक्रीची गोष्ट संपते तिथे त्याचा मुलगा येऊन म्हणतो की आमचे बाबा जरा विचित्रच होते, मेरोनिम म्हणजेच सोनमी असं मानायचे, खुणा आणि धूमकेतू वगैरे वरून सगळं कळलं म्हणायचे. पोरगा हसण्यावारी नेतो. म्हणजे श्रद्धा ठेवणाराही आहे आणि त्याच्या शेजारी मान हलवणाराही आहे, आणि लेखक दोघांच्या मध्ये उभा राहून काहीच बोलत नाही.

फ्रॉबिशरचं तर आणखीनच वेगळं. त्याच्या शेवटच्या पत्रात मरणानंतरचं जे काही आहे ते आपण म्हणतो तसं पुनर्जन्माचं नाहीच, तिथे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे आहे. ग्रामोफोनची तबकडी संपली की परत पहिल्यापासून लागणार, तेच आयुष्य, तेच शाळेचे दिवस, तोच सिक्सस्मिथ परत भेटणार, तीच पत्रं परत लिहिणार. पुढच्या जन्मी कॅलिफोर्नियात पत्रकार होईन असलं काही त्याच्या डोक्यात नाही. म्हणजे ज्याच्यापासून ही खूण सुरू होते त्याचाच त्या सिद्धांतावर विश्वास नाही. आणि तरी ते शेवटचं पत्र वाचून घशाशी येतं, ते वेगळं.

मग ही माणसं एकमेकांशी जोडली कशाने जातात? वाचनाने. एवढं साधं आहे ते, आणि मला तरी हेच पुस्तकातलं सगळ्यात सुंदर वाटलं. फ्रॉबिशरला युइंगची रोजनिशी मिळते ती अर्धी फाटलेली, आणि तो वेडापिसा होतो की पुढे काय झालं, उरलेला अर्धा भाग कुठेय, पत्रातून सिक्सस्मिथच्या मागे लागतो की कुठे मिळतेय का बघ. नंतर तो उरलेला अर्धा भाग सापडतो त्याच्याच पलंगाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली टेकू म्हणून! लुईसाला फ्रॉबिशरची पत्रं अर्धीच मिळतात आणि उरलेली मिळवायला ती तडफडते. कॅव्हेंडिशकडे लुईसाच्या गोष्टीचा पहिला भागच आहे. सोनमीला त्या कॅव्हेंडिशच्या सिनेमाचा अर्धाच भाग बघायला मिळतो, आणि मरण्याआधी शेवटची इच्छा काय असं विचारल्यावर ती बाई म्हणते की तो सिनेमा पूर्ण बघायचाय. तिने ज्यांच्यासाठी जीव दिला त्यांचं काय होणार वगैरे भाषण नाही, उरलेला सिनेमा बघू द्या! मला तो क्षण अख्ख्या पुस्तकात सगळ्यात जास्त लागला. आणि मग झॅक्रीच्या लोकांसाठी सोनमी ही देवी आहे, तिची ती मुलाखत त्यांच्याकडे अंड्याएवढ्या चांदीच्या यंत्रात आहे, ते तिची भाषा समजत नाहीत पण तिचा चेहरा बघत बसतात.

म्हणजे बघा, एक माणूस मरतो, त्याचं लिहिलेलं किंवा बोललेलं अर्धंमुर्धं काहीतरी मागे राहतं, ते पुढच्याच्या हाती लागतं, आणि पुढचा ते वाचताना त्याच्या आत काहीतरी हलतं. यात आत्मा हवाच असं नाही, कागद पुरतो. आणि प्रत्येक टप्प्यावर तेच चुकीचंही समजलं जातं, किरकोळही होतं, रोजनिशीचं टेकू होतं, म्हाताऱ्याच्या फजितीचा सिनेमा होतो आणि मुलाखतीची पोथी होते. पुनर्जन्म म्हणायचाच तर तो गोष्टींचा आहे. शिवाय आपण वाचकही त्याच रांगेत उभे आहोत ना, कारण आपल्याही हातात प्रत्येक गोष्ट अर्धीच देऊन लेखक पुढे निघून जातो, आणि आपणही फ्रॉबिशरसारखेच उरलेली पानं शोधत पुढे वाचत राहतो. ही रचना नुसती करामत नाही ती यासाठी. फ्रॉबिशर स्वतः जो सहा वाद्यांचा तुकडा लिहितोय, पियानो, क्लॅरिनेट, चेलो, बासरी, ओबो आणि व्हायोलिन, त्यातही प्रत्येक वाद्याला पुढचं वाद्य मध्येच तोडतं आणि नंतर सगळी उलट क्रमाने पूर्ण होतात, आणि तो स्वतःच विचारतो की हे क्रांतिकारक आहे की नुसता चाळा? लेखकाने टीकाकारांच्या आधीच स्वतःला टोमणा मारून घेतलाय.

तरी पण, आणि इथे मला थोडं मागे यावं लागतं, काही जागा अशा आहेत ज्या नुसत्या वाचनाने समजावून सांगता येत नाहीत. लुईसा एका रेकॉर्डच्या दुकानात फ्रॉबिशरचं संगीत ऐकते आणि तिला ते ओळखीचं वाटतं. बंदरात एक जुनं जहाज जतन करून ठेवलंय, ते युइंगचंच जहाज आहे, तिला हे माहीत नाही, आणि त्याच्याजवळून जाताना ती थबकते आणि तिची ती खूण ठणकते. त्याहून भारी म्हणजे १९३१ मध्ये म्हातारा एअर्स एक स्वप्न सांगतो की जमिनीखाली एक झगझगीत कॅफे होता, बाहेर पडायला वाट नाही, सगळ्या वेट्रेसचे चेहरे एकसारखे, खायला साबण आणि प्यायला फेस. पुढे शंभर-दीडशे पानांनी आपण सोनमीच्या रेस्टॉरंटमध्ये पोचतो आणि अंगावर काटा येतो, कारण तिथे तेच आहे, क्लोन वेट्रेस, जमिनीखाली, आणि त्यांचं अन्न ज्याला साबणच म्हणतात. आता एअर्सच्या अंगावर तर खूण नाही, तो या आत्म्याच्या साखळीत नाहीच, आणि स्वप्न पुढचं पडलंय, मागचं नाही. मग ही मागच्या जन्माची आठवण कशी म्हणायची? काळ दोन्ही बाजूंनी झिरपतोय एवढंच म्हणता येतं. मला हे आवडलं कारण यामुळे सगळं कोडं सोडवून हातावर ठेवल्यासारखं होत नाही.

खुणेच्या नादात लोक ज्या प्रतीकाकडे बघतच नाहीत ते म्हणजे दात. पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की युइंगला किनाऱ्यावर एक डॉक्टर वाळू उकरताना भेटतो, काय शोधताय विचारलं तर म्हणतो दात, पूर्वी इथे माणसं माणसांना खायची त्या मेजवान्यांचे उरलेले दात. हा डॉक्टर गूस पुढे युइंगवर पोटातल्या किड्याचा उपचार करतो म्हणून त्याला हळूहळू विष घालत असतो, पेटीतल्या ऐवजासाठी. त्याचं तत्त्वज्ञानच असं की दुबळे हे बलवानांचं खाद्य. आणि हे बेट म्हणजे चॅटम बेटं, न्यूझीलंडच्या पूर्वेला, जिथे मोरिओरी लोक राहत होते ज्यांच्या रीतीतच माणूस मारायला बंदी होती, आणि १८३५ मध्ये माओरी टोळ्या जहाजातून येऊन उतरल्या आणि त्यांनी यांना कापलं नाहीतर गुलाम केलं. हे कादंबरीतलं नाही, खरा इतिहास आहे. तिथून हे खाणं प्रत्येक गोष्टीत वेगळ्या रूपात येत राहतं. एअर्स फ्रॉबिशरचं संगीत गिळतो. कंपनी माणसं गिळते. वृद्धाश्रम म्हातारे गिळतो. आणि सोनमीच्या गोष्टीत ते परत शब्दशः होतं, कारण क्लोन वेट्रेसना सांगितलेलं असतं की बारा वर्षं नोकरी केली की तुम्हाला हवाईला पाठवू, सुखात राहा, आणि प्रत्यक्षात त्यांना जहाजावर नेऊन कापतात आणि त्याच मांसाचा तो साबण बनतो जो उरलेल्या वेट्रेस रोज पितात. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, त्या ज्या हवाईला कधीच पोचत नाहीत त्याच हवाईमध्ये पुढे झॅक्रीचे लोक सोनमीला देवी म्हणून पूजतात, आणि युइंगलाही त्याचा मोरिओरी मित्र औटुआ मरणाच्या दारातून परत आणतो तो हवाईमध्येच. हा धागा मला धूमकेतूपेक्षा शंभरपट मजबूत वाटतो. जन्म बदलतात, काळ बदलतो, कोण कुणाला खातंय आणि कोण कुणाला त्याच्या तोंडातून ओढून काढतंय हे बदलत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट खटकेल ती आधीच सांगते. यात कर्माचा हिशोब नाही. फ्रॉबिशर चोर आहे, एअर्सच्या कपाटातली दुर्मिळ पुस्तकं परस्पर विकतो, त्याच्या बायकोशी लफडं करतो, आणि त्याच्यानंतरची लुईसा धाडसी आणि सरळ, मग परत कॅव्हेंडिश पैशाला चटावलेला आणि भित्रा, मग सोनमी जवळजवळ संत. मागच्या जन्मी केलं ते या जन्मी फेडतोय असं काहीही नाही, चढती भाजणी पण नाही. पुनर्जन्म म्हटलं की आपल्या डोक्यात पाप-पुण्याची वही आपोआप उघडते, ती इथे उघडू नका, जुळणारच नाही.

तुलनेसाठी दोन पुस्तकं सांगते, कारण खुणेवरून माणूस ओळखायचा खेळ मिचेलने शोधलेला नाही, आणि आपल्या हिंदी सिनेमाने तर त्यावर पिढ्या काढल्यात. जपानच्या युकिओ मिशिमाची चार खंडांची द सी ऑफ फर्टिलिटी आहे, त्यात होंडा नावाचा माणूस तरुणपणी मेलेल्या मित्राला पुढच्या जन्मांत तीन तिळांवरून ओळखत जातो, प्रत्येक जण विशीत मरतो, आणि चौथ्या खंडात ज्या पोराला तीळ आहेत तो विशीत मरतच नाही, म्हणजे खूण खोटी की होंडाच आयुष्यभर खोटा, आणि अगदी शेवटी तर जिच्यापायी मित्र मेला ती बाई शांतपणे म्हणते की अशा नावाच्या कुणाला मी ओळखतच नव्हते. वाचून सुन्न व्हायला होतं. मिचेल बरीच वर्षं हिरोशिमात राहिलाय, त्याने हे वाचलं नसेल असं मला तरी वाटत नाही. दुसरं किम स्टॅन्ली रॉबिन्सनचं द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट, २००२ चं. त्यात युरोप प्लेगने जवळपास पूर्ण संपलाय आणि पुढची शतकं चिनी, मुस्लिम, भारतीय अशांचीच आहेत, आणि तोच एक घोळका परत परत जन्मतो, खूण काय तर नावाचं पहिलं अक्षर, ब, क आणि इ. दोन जन्मांच्या मध्ये सगळे जण तिबेटी कल्पनेतल्या त्या मधल्या अवस्थेत भेटून भांडतात पण, की मागच्या वेळी तुझ्यामुळे वाट लागली वगैरे. तिथे पुनर्जन्म हा सरळ कथेचा पाया आहे, शंकेला जागाच नाही. ज्यांना पक्का, नि:शंक पुनर्जन्म हवाय त्यांनी रॉबिन्सन घ्या. ज्यांना हादरायचंय त्यांनी मिशिमा. मिचेल मध्ये कुठेतरी बसतो, आणि तिघांत वाचायला सगळ्यात मजा याच्यात येते हेही खरं.

सिनेमाबद्दल विचारणार हे माहितीये. २०१२ चा, वाचोव्स्की भावंडं आणि टॉम टिक्वर, टॉम हँक्स, हॅली बेरी, जवळजवळ तीन तास. वाईट नाहीये, संगीत अप्रतिम आहे, पण त्यांनी आरशाची रचना काढून टाकली आणि सहाही गोष्टी भराभर एकमेकींत कापत नेल्या, त्यामुळे अर्ध्यावर तुटण्याची जी तडफड आहे ती गेली. आणि तेच तेच नट मेकअप फासून प्रत्येक काळात आणले, त्यात गोऱ्या नटांना कोरियन बनवण्याचा प्रकार तर बघवत नाही आणि त्यावर तेव्हा टीकाही भरपूर झाली. खूणही मेरोनिमकडून काढून झॅक्रीला दिली. त्यामुळे काय होतं की हँक्स पहिल्या काळात खुनी डॉक्टर आणि शेवटच्या काळात सुधारलेला झॅक्री, म्हणजे आत्म्याची प्रगती वगैरे एकदम नीटनेटकं, वर म्हटलं ती पाप-पुण्याची वही सिनेमावाल्यांनी स्वतःच उघडून भरून दिली. पुस्तक वाचलेल्याने बघावा, न वाचलेल्याने आधी अजिबात बघू नये.

आता कुरकुर. लुईसाचा भाग मला पातळ वाटला. तो मुद्दामच स्वस्त थ्रिलरसारखा लिहिलाय, चिमुकली प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी धक्का, हे कळतं मला, कॅव्हेंडिशकडे आलेलं ते हौशी हस्तलिखित आहे ना, पण मुद्दाम पातळ केलेलं असलं तरी ते दोन वेळा वाचायला लागतंच, एकदा जाताना आणि एकदा येताना. सुरुवातीचा युइंग जड आहे, जुन्या वळणाची लांबलचक वाक्यं, धार्मिक सुस्कारे, पहिली तीस-चाळीस पानं दम काढतात आणि बरेच जण तिथेच सोडतात. सोडू नका, फ्रॉबिशर आला की गाडी सुसाट. आणि झॅक्रीचं मोडकंतोडकं इंग्रजी, अक्षरं गाळलेली, शब्द एकमेकांत घुसलेले, ते डोळ्यांनी वाचायला गेलात तर वैताग येईल, मोठ्याने वाचा, पाच-सात पानांत कान लागतो. ऑडिओबुक आहे त्यात वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळे आवाज आहेत, झॅक्रीच्या भागासाठी ते ऐकणं हा खरंच चांगला उपाय आहे. पण अख्खं पुस्तक ऐकू नका, मागे जाऊन पानं उलटावी लागतात सारखी, ती स्वप्नाची जागा, ती जहाजाची जागा, ऑडिओत शोधत बसाल.

काही लोक सांगतात की प्रत्येक गोष्ट सलग वाचा, म्हणजे पहिला युइंग दोन्ही भाग, मग फ्रॉबिशर दोन्ही भाग. कृपया नको. तसं केलं तर उरतात सहा बऱ्यापैकी लघुकादंबऱ्या, बस.

आवृत्तीचा एक भन्नाट प्रकार आहे, तो विकत घेण्याआधी माहीत असलेला बरा. ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्ती एकसारख्या नाहीत. किरकोळ स्पेलिंगचा फरक नाही, सोनमीच्या मुलाखतीत तर प्रश्न-उत्तरंच वेगळी आहेत, काही मजकूर एकात आहे दुसऱ्यात नाही. संपादनाच्या वेळी दोन देशांत दोन प्रती वेगवेगळ्या वाटेने गेल्या आणि परत जुळवल्याच गेल्या नाहीत, आणि हे जगाला नीट कळलं ते २०१६ मध्ये, मार्टिन पॉल ईव्ह या अभ्यासकाने कागदी पुस्तक आणि किंडल शेजारी ठेवून बघितलं तेव्हा. म्हणजे बारा वर्षं लोक एकाच पुस्तकावर वाद घालत होते आणि वाचलेली दोन वेगळी होती, आणि तेही नेमक्या त्या पुस्तकाबाबत ज्याचा विषयच हा की मजकूर पुढे जाताना बदलत जातो. असं लेखकाने ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं. कुणाशी चर्चा करणार असाल तर दोघांनी एकाच देशाची आवृत्ती घ्या एवढंच, तसा दोन्हींत सार तेच आहे.

आणि हे वाचून धूमकेतूची चटक लागलीच तर मिचेलचं पहिलं पुस्तक घोस्टरिटन घ्या, १९९९ चं. तिथे लुईसा आणि कॅव्हेंडिश दोघंही आधीच येऊन गेलेत, आणि केटी फोर्ब्स नावाच्या एका भलत्याच बाईच्या अंगावर धूमकेतूची खूण आहे, जिचा या सहा गोष्टींशी काही संबंध नाही. आता ती कोण, सातवा जन्म? लुईसा आणि कॅव्हेंडिशच्या वेळचाच काळ आहे तिचाही साधारण, म्हणजे एक आत्मा आता तीन शरीरांत. खूण जुळवत बसणाऱ्यांनी हिचं काय ते बघावं. एअर्सची मुलगी इव्हा पुढे मिचेलच्याच ब्लॅक स्वान ग्रीन या कादंबरीत म्हातारी होऊन भेटते, तिला कसलीही खूण नाही, तिला नुसता फ्रॉबिशर आठवतो, आणि मला विचाराल तर ती भेट जास्त खरी वाटते.

पाचपैकी साडेचार. अर्धा लुईसाच्या परतीच्या प्रवासात कापलाय.